लॉनचं गवत आणि पाण्याचा ताण: वाण कसे घडत गेले

‘पाण्याचा ताण सोसणारं’ हे विशेषण लॉनच्या बियाण्याच्या पिशवीवर सर्रास छापलेलं असतं. त्यात तीन वेगवेगळे गुण एकत्र बांधलेले असतात: पाणी मुळात कमी उडवणं, खोलवरचं पाणी ओढून घेणं, आणि पाती वाळली तरी बुंधा जिवंत ठेवणं. एकाच वाणात तिन्ही क्वचितच सापडतात.

सुरुवातीला लॉनसाठी म्हणून असा गुण कोणी शोधतच नव्हतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मेनिफी काउंटीतल्या एका शेतावर तग धरून राहिलेलं टॉल फेस्क्यू गवत 1931 मध्ये कृषिशास्त्रज्ञ ई. एन. फर्गस यांच्या पाहण्यात आलं. 1943 मध्ये ते ‘केंटकी 31’ म्हणून प्रसारित झालं, तेही चाऱ्यासाठी. रुंद पात, झुपक्यांची वाढ, एकूण रूप राकट. पण मुळं खोल. 1980 च्या सुमारास रटगर्स विद्यापीठात रीड फंक यांच्या कामातून ‘रेबेल’ हा बारीक पातीचा, दाट वाण आला, तेव्हा कुठे या गवताला लॉनवर मानाची जागा मिळाली.

मेख अशी, की टॉल फेस्क्यूची सगळी भिस्त मुळांच्या खोलीवर आहे. बांधकामात दबलेल्या जमिनीवर 8-10 सेंमी माती पसरून ते पेरलं, तर मुळं खालच्या कठीण थरापाशी अडतात आणि वाणाचा गुण कागदावरच राहतो. शिवाय त्याला मूळखोडं, म्हणजे जमिनीखालून आडवी पसरणारी खोडं, फारशी नसतात, त्यामुळे मेलेल्या झुपक्याची जागा बोडकी राहते. केंटकी ब्ल्यूग्रास या लॉनच्या दुसऱ्या गवताचं उलट: ते लवकर तपकिरी पडतं, पण मूळखोडांवरच्या डोळ्यांतून पाणी मिळताच पुन्हा फुटतं. तपकिरी लॉन मेलं समजून उखडण्याआधी बुंधा चिरून पाहावा. आत पांढरट आणि टणक असेल तर गवत फक्त झोपलं आहे.

उष्ण हवामानातली कथा हरळीची, म्हणजे बर्म्युडा गवताची. त्याच्या प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्यामुळे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, कमी उघडूनही काम भागतं. पाण्याची गरज काढताना संदर्भ बाष्पोत्सर्जनाला (त्या हवामानात प्रमाण मानलेल्या हिरवळीतून उडणाऱ्या पाण्याला) टॉल फेस्क्यू, ब्ल्यूग्रास अशा थंड हवामानाच्या गवतांसाठी साधारण 0.8 ने, तर उष्ण हवामानाच्या गवतांसाठी 0.6 ने गुणतात, ते यामुळेच. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी 1960 मध्ये ‘टिफवे’ दिला. दोन जातींचा हा संकर बी धरत नाही, म्हणून कांड्या किंवा मातीसकट उचललेली गवताची गादी लावूनच तो वाढवतात. त्याची ख्याती बारीक पातीची आणि खेळाच्या मैदानावरच्या दाटपणाची. त्याच केंद्रातल्या पुढच्या पिढीने मात्र पाण्याचा ताण देऊन संकर चाळले. त्यातून आलेला ‘टिफटफ’ टिफवेपेक्षा 38 टक्के कमी पाण्यावर चालतो, असं तिथल्या चाचण्या सांगतात.

मोजण्याची पद्धतही बदलावी लागली. 1980 पासून चालत आलेल्या अमेरिकी राष्ट्रीय वाण-चाचण्यांत 1 ते 9 असे गुण नजरेने दिले जातात. त्यात एक खोट आहे: खालचं पाणी अधाशासारखं ओढणारं गवत जास्त दिवस हिरवं दिसतं आणि चांगले गुण पटकावतं. पाणी वाचवणं आणि हिरवं दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुढे सरकत्या छपराखाली पाऊस अडवून, कॅमेऱ्याने हिरवा भाग मोजून, ठरावीक हिरवेपणा टिकवायला किती पाणी द्यावं लागलं हे पाहू लागले. माझ्या मते वाण निवडताना विचारायचा आकडा हाच.

आणि वाण कोणताही असो, पेरल्यापासूनच्या पहिल्या हंगामात तो ताण सोसत नाही, कारण मुळं अजून वरच असतात. त्या काळात पात निळसर-करडी दिसू लागली, किंवा चालल्यावर पावलांचे ठसे उमटून राहिले, तर लगेच पाणी द्यावं. ते रोज शिंपडण्यापेक्षा 12-15 सेंमी खोल मुरेल एवढं, पण अंतराने द्यावं. टॉल फेस्क्यूची कापणी 7-8 सेंमी उंचीवर ठेवावी. फार खाली कापलेल्या गवताची मुळंही आखूड राहतात.