डोळ्यातला घड

ऑक्टोबरातल्या फळछाटणीच्या आधी तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार एक काम सहसा चुकवत नाहीत. बागेतल्या थोड्या काड्या कापायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि काडी तपासणीला द्यायच्या. तिथला माणूस एकेक डोळा, म्हणजे काडीवरची बंद कळी, ब्लेडनं चिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. गेल्या वर्षी आमच्या काड्या घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यानं मलाही बघू दिलं. तिसऱ्या डोळ्यात घड नव्हता. पाचव्यात मात्र होता. टाचणीच्या टोकापेक्षा लहान, पण बघताक्षणी ओळखावा असा. छाटणी अजून व्हायची होती, द्राक्षं तोडायला पुढचे कितीतरी महिने होते. तरी पीक किती येणार याचा बराचसा निकाल त्या बंद डोळ्यात लागून गेला होता.

तो निकाल लागतो उन्हाळ्यात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (ही नव्या काड्या वाढवण्यासाठीची छाटणी) साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात घड धरायचा की बाळी (वेल आधाराला गुंडाळते तो तंतू), हे ठरत जातं. त्या दिवसांत लख्ख ऊन मिळालं आणि काडीत अन्नसाठा झाला तर घड. आभाळ भरून राहिलं तर बाळी. त्या दिवसांत घड धरलाच नाही, तर ऑक्टोबरात कितीही खत ओतलं तरी तो डोळ्यात नव्यानं येत नाही.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. माणसाच्या वाढीचा विषय निघाला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘सर, आईबापांकडून किती टक्के येतं आणि परिस्थितीनं किती टक्के?’ या प्रश्नाला मी आता बागेतूनच उत्तर देतो.

एका प्लॉटमधली सगळी झाडं एकाच वाणाची कलमं असतात, म्हणजे वरच्या वेलीची जनुकं जवळजवळ सारखी. (जवळजवळ म्हणायचं कारण असं की कलमातही क्वचित बदल होतो. तास-ए-गणेश हा वाण आपल्याच भागात थॉमसन सीडलेस या वाणातून निवडलेला आहे.) तरीही बांधाकडची ओळ वेगळी, मुरमाड तुकड्यातली वेगळी, पाणी साचतं तिथली आणखी वेगळी. या झाडांमधला जवळजवळ सगळा फरक परिस्थितीचा. अनुवंशाचा वाटा जवळपास शून्य टक्के. पण म्हणून द्राक्षाला द्राक्ष बनवण्यात जनुकांचा हात नाही, असं कुणी म्हणेल का? टक्केवारी सांगते ती झाडाझाडांमधल्या फरकाची, तीही त्या प्लॉटपुरती. एका झाडाचा किती भाग बीजाचा आणि किती भाग मातीचा, हे ती सांगतच नाही.

माणसाची उंची घ्या. ज्या समाजात बहुतेकांना पोटभर आणि चांगलं खायला मिळतं, तिथं माणसामाणसांतला उंचीचा सुमारे 80 टक्के फरक अनुवंशानं येतो. 2022 साली 50 लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून शास्त्रज्ञांनी उंचीशी जोडलेले सुमारे 12,000 जनुकीय बदल शोधले. उंचीचं असं एकच जनुक नाही, हजारो ठिकाणचा थोडाथोडा हातभार आहे. एवढं वाचून ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटेल. पण दक्षिण कोरियात 1896 साली जन्मलेल्या बायकांपेक्षा 1996 साली जन्मलेल्या बायका सरासरी 20 सेंटिमीटरनं उंच निघाल्या. शंभर वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत. ताटातलं अन्न बदललं, लहानपणीची आजारपणं कमी झाली.

उलट बाजूचं उदाहरण फेनिलकीटोन्यूरियाचं. हा आजार निव्वळ आनुवंशिक. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो. (नात्यातल्या लग्नात अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक जमवणाऱ्या आपल्या भागात हे उघडपणे बोललं गेलं पाहिजे.) या मुलांना प्रथिनांमधलं फेनिलअलॅनिन पचवता येत नाही, ते साठतं आणि मेंदूची वाढ खुंटते. पण जन्मल्यावर लगेच निदान झालं आणि आहार बेतून दिला, तर मूल चारचौघांसारखं वाढतं. जनुक तेच राहतं, परिणाम बदलतो. तेही वेळेत केलं तरच.

ही वेळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परिस्थिती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शाळा, शेजार, संगत येते. पण मुलाची पहिली परिस्थिती म्हणजे आईचं पोट. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि माणशी रोजचं अन्न 1000 कॅलरींच्याही खाली गेलं. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्या बायकांनी हा दुष्काळ सोसला, त्यांची बाळं जन्मताना वजनानं ठीक दिसली. मोठेपणी मात्र त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. साठ वर्षांनी त्यांचं रक्त तपासलं, तर वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी निघाल्या. जनुकाची अक्षरं तीच होती, ते किती वाचायचं याच्या खुणा बदलल्या होत्या.

आपल्या जवळचा अभ्यास पुण्याचा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. तिथल्या बाळाचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं 3.5 किलो. आपलं बाळ हाडानं, मांसानं बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकलेली. दिसायला रोड, आतून चरबीचं. अशा ठेवणीतच पुढच्या मधुमेहाची बीजं असावीत, असं हे संशोधक मांडतात. ज्या आयांच्या रक्तात फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) भरपूर पण बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आणखी दोन गोष्टी साध्या, पण मला फार मोलाच्या वाटतात. ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध होतं, त्यांची बाळं अंगानं भरलेली होती. ज्या शेतात आणि घरात राबत होत्या, त्यांची लहान.

हे वाचलं तेव्हा मला आमची विरळणी आठवली. वेलींच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून घडातले मणी कमी करायचे. हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि त्यातल्या कितीतरी जणी पोटुशी असतात. घड भरावा म्हणून आपण डोळा चिरून बघतो, उन्हाचे दिवस मोजतो, वेलीला काय कमी पडतं ते कळायला पान-देठ परीक्षण करतो. मांडवाखाली उभ्या असलेल्या बाईनं सकाळपासून काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

गेल्या नोव्हेंबरात विरळणीला आलेल्या एका पोरीला सहावा महिना होता. माझ्या आईनं तिला मांडवाबाहेर बोलावून सावलीत बसवलं, दिवसाची मजुरी पूर्ण मांडली, मेथीची भाजी, भाकरी आणि तांब्याभर दूध पुढं ठेवलं. तिची सासू ओळीतूनच म्हणाली, ‘आमच्यात पोरं बारकीच हुत्यात बघा. रक्तच तसलं हाय.’

आईनं भाकरी मोडून तिच्या ताटात टाकली. ‘आसंल. पर आधी जेवू दे तिला.’