ब्रेक दाबणे आणि गाडी थांबणे: प्रतिक्रिया-अंतर व ब्रेक-अंतर

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठाजवळ थोडा वेळ उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. थांब्यावर उभ्या असलेल्या पीएमपीच्या बसपुढून एखादा विद्यार्थी रस्त्यात उतरतो, येणाऱ्या गाडीला तळहात दाखवतो आणि चालू लागतो. चालकाने आपल्याला पाहिले म्हणजे तो थांबणार, अशी त्याची खात्री असते; आपले ब्रेक उत्तम आहेत, अशी चालकाचीही खात्री असते. दोघांची गल्लत एकच आहे. ब्रेक दाबल्यापासून पुढचे जे अंतर, तेच गाडी थांबण्याचे अंतर असे दोघेही धरून चालतात.

वास्तविक ते अंतर दोन भागांचे असते. समोरचा माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते, ते प्रतिक्रिया-अंतर. आणि ब्रेक लागल्यापासून गाडी जागेवर उभी राहीपर्यंत जेवढी जाते, ते ब्रेक-अंतर. पहिल्या भागात गाडीचा वेग जवळजवळ जराही उतरलेला नसतो. समोर कोणी आहे हे ओळखणे, थांबावे की बाजूने काढावे हे ठरवणे, पाय उचलून ब्रेकवर नेणे हे सारे माणसाचे काम आहे आणि त्याला वेळ लागतोच. दुसरा भाग मात्र मुख्यतः ब्रेक, टायर आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्या हाती असतो.

रस्त्यांच्या रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था प्रतिक्रियेला २.५ सेकंद धरते. त्या हिशेबाने ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी ब्रेक लागण्याआधीच सुमारे ३५ मीटर पुढे येते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे २७ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरला हेच आकडे सुमारे २१ आणि ९ मीटर असे आहेत. म्हणजे ३०च्या वेगाची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथून ५०च्या वेगाची गाडी वेग यत्किंचितही न उतरता पुढे निघून जाते, कारण तिच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाच नसतो. चालक अधिक सावध आहे असे समजून दीड सेकंद धरला, तरी चित्र फारसे बदलत नाही: पहिली थांबते त्या जागी दुसरीचा ब्रेक नुकताच लागलेला असतो. महाविद्यालयाच्या फाटकासमोर वीस किलोमीटरचा फरक किती मोठा आहे, हे मला या हिशेबाइतके दुसऱ्या कशानेही पटले नाही.

दोन्ही अंतरे वेगाबरोबर वाढतात, पण सारखी वाढत नाहीत. वेग दुप्पट झाला की प्रतिक्रिया-अंतर दुप्पट होते, ब्रेक-अंतर मात्र साधारण चौपट होते. त्यांना बिघडवणारी कारणेही वेगळी आहेत. पहिल्या पावसात निसरडा झालेला डांबरी रस्ता, वळणावर सांडलेली वाळू, गुळगुळीत झालेले टायर ब्रेक-अंतर वाढवतात. थकवा, मद्य आणि मोबाईल यांचा घाला प्रामुख्याने प्रतिक्रिया-अंतरावर पडतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद मोबाईलकडे पाहिले, तर गाडी सुमारे २२ मीटर न पाहता पुढे गेलेली असते, आणि प्रतिक्रियेची मोजणी त्यानंतर सुरू होते.

याच कारणाने एबीएसवर, म्हणजे चाक अडकू न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेवर, फार विसंबू नये. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, आणि ते योग्यच आहे, कारण करकचून ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकून दुचाकी घसरण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. परंतु ब्रेक दाबलाच गेला नाही, तोवर ही यंत्रणा काहीही करू शकत नाही.

पादचाऱ्यालाही हा फरक ठाऊक असायला हवा. सेकंदाला १.२ मीटर ही चालण्याची सर्वसाधारण गती धरली, तर सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला जवळजवळ सहा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ५०च्या वेगाची गाडी ८० मीटरहून अधिक अंतर कापते. उंचावलेला हात चालकाला दिसला, तरच प्रतिक्रियेची घटका सुरू होते. बसच्या आडून अचानक पुढे आलेला हात ती फार उशिरा सुरू करतो. बस निघून जाऊ द्यावी, किंवा बसची कड ओलांडण्याआधी थांबून, वाकून, येणाऱ्या चालकाचा चेहरा दिसतो का हे पाहावे. आपल्याला तो दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नसतो.

झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे दाटीने लावलेल्या दुचाकी आणि रिक्षा असाच आडोसा निर्माण करतात. तेथील चार-पाच वाहने हलवली, तर ना प्रतिक्रिया-अंतर घटते ना ब्रेक-अंतर. पण पदपथावरून उतरू पाहणारी मुलगी चालकाला काही मीटर आधी दिसते, आणि मोजणी तेवढी आधी सुरू होते.