शैक्षणिक स्वातंत्र्य, औषधचाचण्यांतील

औषधकंपनीच्या पैशावर चालणाऱ्या चाचणीत मूळ विदा (डेटा) पाहण्याचा, तिचा अर्थ स्वतः लावण्याचा आणि निष्कर्ष कंपनीला अडचणीचा असला तरी तो प्रसिद्ध करण्याचा संशोधकाचा अधिकार.

या अधिकाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांच्या अध्यापन-स्वातंत्र्यात व अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापक संघटनेच्या १९१५ च्या घोषणेत शोधतात. इतरांच्या मते तो मुळात रुग्णाचा हक्क : धोका लक्षात आला की तो सांगणे वैद्याला बंधनकारक, आणि संशोधकाची मोकळीक त्यासाठीच. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या (१९६४) २००० मधील आवृत्तीत प्रतिकूल निष्कर्षही उजेडात आणण्याचे कलम आले. पुढील दोन प्रकरणे पाहता दुसरे मत अधिक पटते.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग यांनी थायरॉइडवरील चार औषधांची तुलना केली. ती समतुल्य ठरली. लेख स्वीकारला गेला होता, पण लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी नाही असे कलम करारात होते. त्याच्या आधारे, त्यांतील एक औषध बनवणाऱ्या प्रायोजक बूट्स कंपनीने आक्षेप घेतला व जानेवारी १९९५ मध्ये लेख मागे घेण्यात आला. तो छापून आला एप्रिल १९९७ मध्ये. टोरंटोत नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत शरीरातील जादा लोह काढणारे डेफेरिप्रोन हे औषध पुरेसे परिणामकारक राहत नसल्याचे दिसले. रुग्णांना तसे कळवण्याचे त्यांनी ठरवताच प्रायोजक कंपनी अ‍ॅपोटेक्सने मे १९९६ मध्ये चाचण्या थांबवून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. यकृताला इजा होते की नाही, हा ऑलिव्हिएरी यांनी नंतर मांडलेला मुद्दा वादग्रस्त राहिला (औषधाला युरोपात १९९९ मध्ये, अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली). मात्र रुग्णांना धोका कळवण्याचा त्यांचा हक्क कॅनडातील प्राध्यापक संघटनेच्या २००१ च्या चौकशी-अहवालाने उचलून धरला. औषध चांगले की वाईट आणि डॉक्टरने बोलावे की नाही, हे प्रश्न वेगळे आहेत. वृत्तपत्री चर्चेत त्यांची सरमिसळ झाली.

व्यवहारात सारे करारातील प्रसिद्धी-कलमावर ठरते. पेटंटचा अर्ज करता यावा म्हणून प्रायोजकाला हस्तलिखित ३० ते ६० दिवस आधी दाखवणे सामान्यतः रास्त मानतात, नकाराधिकार नव्हे. सप्टेंबर २००१ मध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी संयुक्त संपादकीयातून ही भूमिका मांडली. २००२ मध्ये १०८ अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी झाली, तेव्हा करारांत ही पथ्ये क्वचितच आढळली. २००५ च्या दुसऱ्या एका पाहणीत, लेख प्रायोजकाने लिहावा आणि संशोधकांनी फक्त दुरुस्त्या सुचवाव्यात, ही तरतूद निम्म्या संशोधन-प्रशासकांना चालणारी होती.