घट्ट झाकणाने वाईनचा जोर वाढत नाही

नाताळ जवळ आला की गोव्यात घरोघरी द्राक्षाची वाईन घातली जाते आणि दरवर्षी तोच सल्ला कानावर येतो: बरणीचं झाकण गच्च आवळा, नाहीतर जोर उडून जातो. हा सल्ला चुकीचा आहे, धोक्याचाही.

उडतो तो कार्बन डायऑक्साइड. यीस्ट साखर खातं तेव्हा वजनाने जवळपास निम्मी साखर अल्कोहोल होते आणि रसातच राहते. उरलेल्या निम्म्याचा हा वायू होतो. १ किलो साखरेतून तो २५० लिटरच्या आसपास निघतो. कुठे मावणार? डिचोलीत आमच्या मावशीची काचेची बरणी तिसऱ्या रात्री फुटली. छतावर जांभळे ठिपके, आणि ओट्याच्या फटीत आठवडाभर काचेचे कण सापडत होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, हे नशीब.

काचेची किंवा चिनी मातीची बरणी, खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा डबा, काहीही चालेल. पाव भाग रिकामा ठेवा. झाकणातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा: वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, हवा आत येत नाही. बुडबुडे पूर्ण थांबल्यावर मात्र हवा खरोखर शत्रू, कारण तिच्यामुळे वाईनचा व्हिनेगर होतो.

फेणीच्या भट्टीत तांब्याचं भांडं असतं म्हणून रसही तांब्यात आंबवू नका. ते ऊर्ध्वपातनासाठी, म्हणजे आंबलेला रस उकळून त्याची वाफ थंड करून दारू गाळण्यासाठी असतं. आंबट रसात तांबं विरघळून उतरतं.