उसाच्या ट्रॉलीला सात पिनांचा सॉकेट

गाळप सुरू झालं की ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लाल दिवा दिसला नाही तर त्याला काय दिसणार? म्हणून हंगामाआधी हे वाचा.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ट्रॉल्यांना दोनच वायरी असतात, एक पार्किंगची आणि एक ब्रेकची. फ्यूज नाही, जोडाला नुसती टेप. अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर नसतेच. ट्रॉली जोडायच्या हूक आणि पिनीतून अर्थ मिळते असं धरलेलं असतं. त्या पिनीला ग्रीस, माती, गंज. खड्ड्यात आदळलं की लाइट जाते, पुढच्या आदळ्याला परत येते. आपण बल्ब बदलत राहतो, पण दोष बल्बचा नसतो.

घरीच तपासा. पार्किंग लाइट चालू ठेवून डावा इंडिकेटर लावा. इंडिकेटरबरोबर पार्किंगही लुकलुकली तर अर्थ गेलेली आहे. करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधतोय. होल्डर उघडलात तर तांब्यावर हिरवी पूड दिसेल.

आम्ही ट्रॅक्टरला फ्यूजसह सात पिनांचा सॉकेट आणि ट्रॉलीला त्याचा प्लग बसवतो. 3 नंबरला पांढरी, अर्थची वायर. ती प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र नेतो. 1 पिवळी डावा इंडिकेटर, 4 हिरवी उजवा, 6 लाल ब्रेक, 5 तपकिरी आणि 7 काळी उजवी-डावी पार्किंग. 2 नंबरची निळी मागच्या फॉग लाइटची, ती आपल्याकडे बहुधा मोकळीच राहते. हा क्रम मोडू नका. शेजाऱ्याच्या सॉकेटचा क्रम हाच असेल, तर त्याचा ट्रॅक्टर जोडला तरी डावा इंडिकेटर डावाच पेटतो.

दोन ट्रॉल्या ओढत असाल तर वायरीत काटकसर नको. 21 वॅटचे चार ब्रेक बल्ब मिळून 7 अँपिअर घेतात. 1 चौरस मिलिमीटरची वायर 15 मीटर नेली, तर जाऊन-येऊन बरेच व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि मागच्या ट्रॉलीचा ब्रेक लाइट मिणमिणतो. तिथे आम्ही 2.5 चौरस मिलिमीटरच वापरतो. एलईडी दिवे लावले तर करंट कमी लागतो, पण जुन्या फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर) इंडिकेटर भराभर चमकतो. फ्लॅशरही बदलावा लागतो.

ट्रॉली सोडताना वायर ओढू नका, प्लग धरून काढा आणि ट्रॉलीवरच्या आकड्याला अडकवा. मातीत पडला की पिना गेल्याच. ऊस भरल्यावर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) दिव्यांवर लोंबत नाहीत ना, हे खाली उतरून बघा.

येताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडूनच आणा. एकटी ट्रॉली आणली तर नीट तपासता येत नाही.