हिऱ्याची अंगठी

हिऱ्याची अंगठी : सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या वळ्यावर हिरा जडवून केलेला दागिना. आज साखरपुड्यात ती हौसेने वधूच्या बोटात घातली जाते. जुनी भारतीय रत्नविद्या मात्र याबाबत सावध होती. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या ग्रंथात, पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रीने हिरा वापरू नये, असे काही जाणकारांचे मत दिले आहे. रत्ने बल दैत्यापासून झाली, दधीचीपासून झाली, की भूमीच्या अंगच्या गुणाने झाली, ही तिन्ही मते तो शेजारीशेजारी मांडतो. यातले तिसरे मत इतक्या पूर्वी नोंदले गेले, हे विशेष. उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो, असेही तिथे म्हटले आहे. प्रत्यक्षात हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड असल्याने तळाशी जातो.

सर्वांत चिवट समजूत घणाची आहे. ऐरणीवर घाव सोसून वाचतो तोच खरा हिरा, हा तुकोबांच्या अभंगातला दाखला मराठी माणसाला पाठ असतो. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीनेही घण आणि ऐरणच फुटल्याचे लिहिले आहे. अभंगात कसोटी माणसाची आहे. दागिन्यावर ती कोणी करून पाहू नये. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा मोजणाऱ्या मोसच्या मापावर हिऱ्याचे काठिण्य 10, म्हणजे त्यावर ओरखडा उठायला दुसरा हिराच लागतो. पण काठिण्य वेगळे आणि चिवटपणा वेगळा. त्याचा स्फटिक ठरावीक चार पातळ्यांना समांतर सहज चिरतो, आणि घणाखाली त्याचे तुकडेच होतात. पैलू पाडणारे कारागीर शतकानुशतके हाच गुण वापरून खडा दुभागत आले.

हाताने अंगठी घडवताना सोन्याची पट्टी किंवा तार वळवून टोके डाख देऊन सांधतात, हिऱ्यासाठी घर कोरतात, घासून जिल्हई देतात. खडा शक्यतो शेवटी बसतो, कारण हिरा हा कार्बन. प्रखर आचेत हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा पृष्ठभाग जळतो. बारीक काट्यांनी धरलेल्या हिऱ्याला बाजूंनीही उजेड मिळतो. कुंदनकामात कोंदण भरायला प्रखर आच लागत नाही : शुद्ध सोन्याचा मऊ वर्ख खड्याभोवती दाबूनच कोंदण भरतात.

हिरा शुक्राचे रत्न मानला जातो. तो सर्वांना लाभत नाही, या समजुतीने अनेकजण आधी काही रात्री उशाशी ठेवून पाहतात. हिरकणी, म्हणजे हिऱ्याचा कण, गिळून जीव दिल्याच्या कथाही आहेत, पण हिऱ्यात विष नसते.

अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातून मिळत. कृष्णाकाठचे कोल्लूर त्यात अग्रेसर होते. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा म्हणून ओळखला जाणारा ‘नासाक’ हिरा 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती पडला. लंडनला विकला गेल्यावर त्याचे पैलू पुन्हा पाडले गेले. आता तो 43.38 कॅरट, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आतबाहेर भरतो.