गळ अडकला की हिसका द्यावा का?

‘गळ पाण्यात अडकला की जोरात हिसका द्या, सुटतो.’ गोदाकाठी आणि माजलगाव धरणावर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो. कोवळं शेवाळ तुटून येतं, त्यामुळं तो कधीकधी खराही ठरतो. पण बुडालेल्या बाभळीच्या फांदीत हिसक्यानं गळाचं टोक आणखी रुततं. मग तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटतो, तोही बहुधा गाठीशी. गाठ हीच त्याची कच्ची जागा.

आधी दोरी सैल सोडा. शिशाच्या वजनानं गळ कधी आपोआप मागं घसरतो. नाहीतर काठानं पुढं जाऊन उलट्या बाजूनं हलकं ओढा.

खात्री करायचीय? काठावरच्या वाळक्या फांदीत गळ अडकवून दोन्ही बाजूंनी हळू ओढून बघा. तोंड मात्र बाजूला ठेवा, सुटलेला गळ थेट अंगावर येतो.